तेरा दिवसांची फेड

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी बोईसरला आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर एक टेम्पो थांबला आणि त्यातून तेरा माणसं उतरली. प्रत्येकाच्या हातात कोयता किंवा विळा होता. सहा बेचाळीसला माझ्या घरचा इंटरकॉम वाजला.

"साब," वॉचमन रामनाथ म्हणाला, "तेरा आदमी आया है. हथियार लेके. आपका नाम पूछ रहा है."

"काय हवंय त्यांना?"

"बोलता है, कुछ चुकाना है."

अडुसष्टाव्या वर्षी सकाळी सकाळी असा निरोप आला की माणूस आपले शत्रू आठवायला लागतो. माझी यादी फार लवकर संपली. जिल्ह्याच्या पानावर एकेचाळीस वर्षं बातम्या लिहून कोणालाही माझ्यावर माणसं धाडावीशी वाटू नयेत, याचं मला जिना उतरताना थोडं वाईटच वाटलं.

खाली पोचलो तर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष अण्णा आधीच हजर होते. अण्णा एका कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झालेत. आलेली प्रत्येक गोष्ट मोजून घ्यायची त्यांची सवय गेलेली नाही. फाटकाच्या आतून बोट हलवत ते माणसं मोजत होते.

"तेराच आहेत, चुरी," ते मला म्हणाले. "बरोबर आहे रामनाथचं."

तेरांच्या पुढे गोमा उभा होता. तेव्हा कुठे मला ओळख पटली. गोमा उमरोळीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यातला. वय सत्तरच्या अलीकडे की पलीकडे, हे त्यालाही नक्की माहीत नाही. त्याने कोयता काखेत मारला, हात जोडले आणि म्हणाला, "आलो. काम दाखवा."

"कसलं काम?"

"कंचा पन. तुमी आमचं केलं, आमी तुमचं करनार. तेरा दिस हायत तुमचे आमच्यावर."

हे तेरा दिवस कुठून आले ते सांगायला दीड महिना मागे जावं लागेल. फार मागे जाणार नाही.

एका संस्थेने जिल्ह्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांकडून अर्ज मागवले होते. ज्येष्ठांनी घरी बसून कुढण्याऐवजी गावोगाव स्वयंसेवा करावी, त्यासाठी अनुदान मिळेल, अशी योजना होती. अर्ज लिहिणारा म्हणून सर्वांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'अनुभवाचे हात' असं नाव देऊन सतरा पानी अर्ज केला. तो मंजूर झाला. पहिला हप्ता आला. त्यातून दर गुरुवारसाठी सात आसनी गाडी ठरली. दुसरा हप्ता मध्यावधी पाहणीनंतर मिळायचा होता. तो आला नाही तर गाडी ३० सप्टेंबरला बंद.

गाडी बंद झाली तर अण्णांचं अध्यक्षपद जाणार नव्हतं आणि माझं पेन्शनही थांबणार नव्हतं. नुकसान होणार होतं ते प्रेमलाताईंचं. प्रेमलाताई इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या. तीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकली. गुडघे गेल्यावर मुलगा त्यांना आमच्या सोसायटीत घेऊन आला, तळमजल्यावर. गाडी सुरू होईपर्यंत दीड वर्षात त्या फाटकाच्या बाहेर गेल्या नव्हत्या. रिक्षात पाय दुमडत नाही, बसची पायरी चढवत नाही. या गाडीची पायरी मात्र त्यांच्या पायाला बरोबर बसली. तेव्हापासून त्या आठवड्याचे वार गुरुवारपासून मोजतात. "परवा काय हाय?" असं विचारलं की त्या म्हणतात, "गुरवाराला चार दिस हायत."

तर गुरुवार, ३१ जुलै. प्रकल्पाचा शुभारंभ महिना संपायच्या आत व्हावा आणि वेळेचा व ठिकाणाचा शिक्का असलेले फोटो संध्याकाळी पाचपर्यंत पोचावेत, ही अट होती. आम्ही पाड्यावर जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अर्ज भरून देणार होतो. गाडीने दोन फेऱ्या मारून आम्हा चौदा ज्येष्ठांना पाड्यावर सोडलं. पाड्यावर चौदा पिवळ्या टोप्या, एक फलक आणि तीन कोंबड्या, एवढेच जीव होते. बाकी गाव भाताच्या लावणीला गेलं होतं. लावणीच्या दिवसांत पाड्यावर कोणी सापडत नाही, ही माहिती माझ्या सतरा पानांत नव्हती.

"मग आपण पण लावू," प्रेमलाताई म्हणाल्या.

अण्णांनी तो ठरावच समजला. आम्ही गोमाच्या खाचरावर पोचलो. अण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात पाय टाकला आणि तिसऱ्या पावलाला बसले. एका गृहस्थांचा चष्मा गेला. एका बाईंनी रोपं उलटी लावली. उलटी म्हणजे शब्दशः, मुळं वर. प्रेमलाताई बांधावर बसून पाय चिखलात सोडून हाताला येईल तेवढं लावत होत्या. चाळीस मिनिटं हे चाललं. फोटो चांगले आले. आम्ही गेल्यावर गोमाच्या घरच्यांनी ते खाचर पुन्हा लावलं, असं मला नंतर कळलं. म्हणजे काटेकोर हिशेबात आम्ही त्यांचा अर्धा दिवस खाल्ला होता.

आणि आता तोच गोमा आमचे तेरा दिवस परत करायला आला होता.

त्यांच्याकडची पद्धत अशी. शेतावर मजूर लावत नाहीत. तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येतो. पैसे नाहीत, लिखापढी नाही. ज्याच्याकडे माणसं आली त्याने तितकी माणसं परत पाठवायची.

"पण गोमा," मी म्हणालो, "आम्ही नीट लावलंच नाही. तुम्हाला परत लावावं लागलं."

"ते कोन बघतो?" गोमा म्हणाला. "पाय चिखलात गेला की दिस झाला."

"अर्ध्या तासाचा पण?"

"पाय अर्धा जातो काय?"

माझं कुतूहल वाढलं. एरवी मी खिशातून वही काढली असती. पण त्या सकाळी काढता आली नाही, कारण अकरा वाजता संस्थेची किंजल मध्यावधी पाहणीला येणार होती, आणि आम्ही दिलेल्या हमीपत्राचं सातवं कलम मला तोंडपाठ होतं. 'स्वयंसेवेच्या बदल्यात लाभार्थींकडून रोख, वस्तूच्या अथवा श्रमाच्या स्वरूपात कोणताही मोबदला स्वीकारल्यास अनुदान रद्द होईल.'

इथे एक कबुली. संस्थेच्या मूळ नमुन्यात फक्त 'रोख अथवा वस्तूच्या स्वरूपात' एवढंच होतं. मला ते वाक्य एका बाजूने उघडं वाटलं. 'अथवा श्रमाच्या' हे शब्द मी माझ्या हाताने घातले. किंजलने तेव्हा माझं कौतुक केलं होतं. "सर, इतकं परफेक्ट हमीपत्र कोणाचंच नाही," असं ती म्हणाली होती.

"गोमा, आम्ही तुम्हाला ते तेरा दिवस माफ केले," मी म्हणालो.

गोमाचा चेहरा बदलला. मागच्या बारा जणांतही कुजबुज झाली.

"माफ गुन्ह्याला करतात," तो म्हणाला. "आमी काय गुन्हा केला?"

"तसं नाही—"

"नवा भात खायच्या आत फेडायला लागतो. नाय फेडला तं पुढल्या साली आमच्या शेतावर कोन येल? लोक बोलतील, गोमानी शेरातल्या म्हाताऱ्यांचे पन दिस खाल्ले."

तोवर अर्धी सोसायटी खाली आली होती आणि सल्ले सुरू झाले होते. आमच्याकडे पाण्याची मोटर बिघडली तर माणूस मिळायला दोन दिवस लागतात. सल्ला मिळायला मिनिटही लागत नाही. एक जण म्हणाला, त्यांना रोजंदारी द्या आणि पावती घ्या, म्हणजे प्रश्न मिटला. त्याच्या वकील मेव्हण्याने फोनवरून सांगितलं की मग ते तुमचे कामगार ठरतील. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, आजपासून पितृपक्ष लागलाय, दारी आलेल्याला रिकामं पाठवू नये. सोसायटीचे सेक्रेटरी मेहुलभाई आले. त्यांनी आधी कोयत्यांकडे पाहिलं, मग इमारतीमागच्या गवताकडे.

"चुरीकाका," ते हळूच म्हणाले, "मागचं गवत आणि गटार. तीन महिने मी माणूस शोधतोय. हे लोक खरंच काही घेणार नाहीत?"

"मेहुलभाई, हे आपण घेऊ शकत नाही."

"आपण कुठे घेतोय? ते देतायत."

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "किंजल अकराला येणार. आता सात. चार तासांत उरकतील आणि जातील. आपण काही पाहिलं नाही."

"अण्णा, तेरा माणसं कोयत्यांसकट फाटकातून आत येणार. रामनाथने नोंद केली असेल."

रामनाथने केलीच होती. आमच्या फाटकावरच्या वहीत नाव, कोणाकडे, कशासाठी आणि वेळ असे चार रकाने आहेत. त्याने तेरा नावं लिहून घेतली होती आणि 'कशासाठी'खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'काम के बदले काम'. एकेचाळीस वर्षांत मी इतकं नेमकं शीर्षक क्वचितच दिलं असेल.

इतका वेळ प्रेमलाताई आपल्या खिडकीत बसून ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच आवाज दिला.

"चुरी, तुमी काय त्यास्नी दारात हुबं केलंय? आमच्या दांडीला होडी वर ओढताना दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो पोर असो नायतर वाटसरू. त्याला 'नको' बोललं तर भांडान होतं. येऊ दे त्यास्नी आत!"

"ताई, तुमची गाडी बंद होईल."

त्या म्हणाल्या, "होऊ दे. पन मानूस दारातनं परत नाय पाठवायचा."

खिडकी बंद झाली. पाच मिनिटांनी त्यांच्या स्वयंपाकघरातून बोंबील तळल्याचा वास आला. तेरा माणसांचा निर्णय अशा रीतीने तळमजल्यावर झाला.

गोमाची माणसं मागे गेली. गवत असं पडू लागलं की वरच्या गॅलऱ्यांतून टाळ्या झाल्या. कामाला लागण्यापूर्वी गोमाने एकेकाला कोणाच्या नावाने कोण ते वाटून दिलं. "तू पडलेल्या बाबाचा. तू चष्मेवाल्याचा. तू त्या उलटी रोपवालीचा." अण्णांनी 'पडलेला बाबा' कोण ते विचारलं नाही.

मी वाट पाहत होतो. तेरा नावं संपली. माझं आलं नाही.

"गोमा, चौदा जण होतो आम्ही."

"तेरा."

"मी होतो की!"

गोमाने माझ्या पायांकडे पाहिलं. "तुमी बांधावर हुबे. छत्री घेऊन. तुमचा पाय सुका होता."

मी फोटो काढत होतो, वेळा टिपत होतो, फलक सरळ धरायला सांगत होतो. या सगळ्याला आमच्या व्यवसायात काम म्हणतात. पण संस्थेला पाठवलेल्या अहवालात मी 'चौदा ज्येष्ठ स्वयंसेवकांनी प्रत्यक्ष लावणी केली' असं लिहिलं होतं, हेही खरं. ते वाक्य लिहिताना माझा हात अडला नव्हता. आता एक निरक्षर माणूस, कुठलीही वही न ठेवता, ते दुरुस्त करत होता.

अकराला येणारी किंजल साडेनऊला आली. तपासणी वेळेआधी येऊ शकते ही शक्यता मी धरलीच नव्हती. किंजल पालघरची, सव्वीस वर्षांची, बोलायला गोड आणि वाचायला पक्की. ती फाटकाशी वहीत सही करायला थांबली आणि वही वाचत राहिली.

"सर, हे 'काम के बदले काम' काय आहे?"

अण्णा म्हणाले, "स्वच्छता मोहीम."

मी म्हणालो, "कलम सात."

किंजल मागे गेली. गोमाला तिने वीस मिनिटं प्रश्न विचारले आणि त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. तुमच्याकडून यांनी काम मागितलं का? नाय. मग का आलात? दिस होते. किती? तेरा. इथे किंजलने फाइल उघडली, अहवालातला आकडा पाहिला आणि माझ्याकडे मान वळवली.

"सर, फोटोत तुम्ही नाही दिसत."

"फोटो मी काढत होतो."

"छत्री धरून हुबे होते," मागून आवाज आला. प्रेमलाताई काठी टेकत भाकऱ्यांची टोपली घेऊन आल्या होत्या. "खोटं कशाला बोलू? मी बोलले, जरा माझ्या डोक्यावर धरा, तं नाय धरली."

किंजलने खाली काहीतरी लिहिलं. मी ते उलट्या बाजूने वाचलं. 'चौदा' खोडून 'तेरा' केलं होतं.

साडेबाराला गवत संपलं. गटार राहिलं. त्याच्या तोंडाशी प्लास्टिकचा एक गोळा अडकला होता आणि तो कसा काढावा यावर पुरुषांचा वाद चालला होता. गोमाची बायको सोमी तेरांत नव्हती. तिला बोईसरच्या बाजारात जायचं होतं म्हणून ती टेम्पोत बसून आली होती आणि सकाळपासून पुढच्या सीटवरच होती. उशीर व्हायला लागला तशी ती उतरली, "सरका" म्हणाली, साडी खोचून गटारात शिरली आणि गोळा एका हिसक्यात बाहेर काढला. पाणी भसाभस वाहू लागलं. मेहुलभाईंनी त्याचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

गोमा मात्र गंभीर झाला. त्याने सोमीच्या पायांकडे पाहिलं. पोटरीपर्यंत चिखल होता.

"आता तुमच्यावर एक दिस," तो म्हणाला.

"काय?"

"आमी तेरा फेडले. ही चौदावी. तुमचा एक मानूस लागतो आता."

अण्णांनी तो दिवस त्याने माफ करावा असं सुचवलं आणि गोमाने पुन्हा तो गुन्ह्याचा मुद्दा काढला. किंजल ओठ दाबून लिहीत होती. तिने त्या दिवशी नऊ पानं लिहिली. जाताना ती मला म्हणाली, "सर, मला खरं तर हेच हवं होतं. लोक एकमेकांकडे येतायत. पण कलम सात तुमचंच आहे. मला वर कळवावं लागेल."

"मूळ कलमात 'श्रम' नव्हतं, किंजल."

"म्हणूनच म्हणते, सर."

संस्थेच्या मुंबईच्या कार्यालयाकडून १२ तारखेला पत्र आलं. तीन प्रश्न होते. स्वीकारलेल्या श्रमाचं बाजारमूल्य किती? ते स्वीकारण्याचा ठराव झाला होता का? व्यवहार पूर्ण झाला आहे का? सोबत रामनाथच्या वहीतल्या पानाचा फोटो पुरावा म्हणून जोडलेला होता. रामनाथने त्याची छापील प्रत मागून घेतली आणि केबिनमध्ये लावली.

पहिल्या प्रश्नाला मी लिहिलं की गोमाला विचारलं असता त्याने प्रश्न समजत नसल्याचं सांगितलं. दुसऱ्याला लिहिलं, ठराव नाही, बोंबील होते. मग ते खोडलं आणि फक्त 'नाही' ठेवलं. तिसऱ्यावर दोन दिवस बसलो. पूर्ण झाला म्हणावं तर सोमीचा एक दिवस आमच्यावर होता. अपूर्ण म्हणावं तर फेडायला कोणीतरी जाणार, म्हणजे देवाणघेवाण चालूच. शेवटी लिहिलं, 'एक दिवस बाकी आहे.' सोबत शुद्धिपत्र जोडलं: ३१ जुलैच्या अहवालात चौदाऐवजी तेरा वाचावे. चौदावी व्यक्ती बांधावर उभी होती. अण्णा म्हणाले, एवढं खरं लिहायची काही गरज नव्हती. मी म्हणालो, खोटं लिहायची तरी कुठे होती.

किंजलचा फोन आला, निर्णय गुरुवारी, २५ तारखेला दुपारी चारच्या बैठकीत होईल. तोपर्यंत त्या पाड्यावर कोणतंही काम करू नका. लेखी नाही, पण सांगून ठेवते.

त्याच संध्याकाळी टेम्पोवाल्याच्या फोनवरून गोमाचा निरोप आला. लवकर पिकणारं हळवं भात तयार झालंय. गुरुवारी कापायचं. ज्याचा पाय सुका होता त्याला धाडा.

गुरुवारी सकाळी आठला गाडी फाटकाशी आली. प्रेमलाताई पावणेआठपासून खुर्ची टाकून खाली बसल्या होत्या. नवं लुगडं, डबा, काठी. हा बहुधा शेवटचा गुरुवार आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. रामनाथने वही पुढे केली. बाहेर जाणाऱ्यांची नोंद आमच्याकडे ठेवत नाहीत, पण त्या पानाचं मुंबईत झालेलं नाव त्याच्या डोक्यात गेलं होतं.

"साब, किसलिए जा रहे हो?"

"काल सांगतो," मी म्हणालो. मला 'उद्या' म्हणायचं होतं.

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही खाचराशी पोचलो. गोमाने मला विळा दिला. पाड्यातले लोक कापत होते. प्रेमलाताई बांधावर बसल्या आणि माझ्याकडून छत्री मागून घेतली. मी चपला काढल्या. पँट दुमडली. रात्री पावसाची सर आली होती, खाली पाणी होतं. पाय टाकल्यावर चिखल घोट्याच्या वर आला. तो अपेक्षेपेक्षा कोमट होता.

"झाला दिस," गोमा म्हणाला.

"अजून काही कापलं नाही मी."

"ते कोन बघतो?"

मी तरीही कापलं. पावणेतीन तासांत चार पेंढ्या झाल्या. त्यांतल्या दोन सोमीने सोडून पुन्हा बांधल्या. प्रेमलाताईंनी बांधावरून माझा फोटो काढला. त्यात वेळ आहे, ठिकाण आहे, माझा चेहरा नाही; गुडघ्याखालचे पाय तेवढे आले आहेत.

चार वाजता बैठक सुरू झाली असावी. पाच दहाला आम्ही परत सोसायटीत आलो. पाच वाजून चाळीस मिनिटांनी किंजलचा संदेश आला, 'चर्चा चालू आहे सर. त्यांनी विचारलंय की आता बाकी किती?' मी लिहिलं, 'कोणावर काही नाही.' मग आठवलं की सोमीने माझ्या दोन पेंढ्या पुन्हा बांधल्या होत्या. त्या धरायच्या की नाही, हे मी गोमाला विचारलं नव्हतं.

गाडीवाला फाटकाशी खोळंबला होता. "काका, पुढच्या गुरुवारी दसरा आहे. येऊ की नको? मंगळवारी पैसे संपतात म्हणून विचारतो."

मी फोनकडे पाहिलं. प्रेमलाताई पायरीला धरून खाली उतरत होत्या. माझ्याकडे न बघता त्या त्याला म्हणाल्या, "ये. आठला. फुलं घेऊन ये गाडीला."

सात वाजून पाच मिनिटांपर्यंत मुंबईहून निर्णय आलेला नव्हता.